बॅटरी रस्त्यानं, गाडी विमानानं

अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत मी 'विमानात नोकरीला' आहे असं सांगितलं जायचं. त्यातलं अर्धंच खरं होतं. नोकरी विमानतळावर होती, विमानात मी क्वचितच बसले. बेगमपेठच्या जुन्या विमानतळावरून आता तिकिटांची मोठी विमानं उडत नाहीत, ती सगळी शहराबाहेर शमशाबादला गेली. बेगमपेठला राहिली ती छोटी, भाड्यानं मिळणारी विमानं. आठ-नऊ माणसं बसतील एवढी. कारखानदार, सिनेमावाले, पुढारी, आजारी माणसं आणि लग्नाची घाई झालेली माणसं ती घेतात. अशाच एका कंपनीत जमिनीवरची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. कोण येणार, कोण कुठे बसणार, सामान काय आणि कुठे ठेवायचं हे मी ठरवायचे आणि मग विमान कॅप्टनच्या हवाली करायचे. मागच्या वर्षी निवृत्त झाले. दिवाळी घरी केली, तेव्हा जाणवलं की आपल्याला फराळाची सवयच राहिलेली नाही. दिवाळीत आमच्याकडे सगळ्यात जास्त उड्डाणं असायची.

माझे यजमान सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल विभागात होते. मी घरी येऊन काही सांगायला लागले की ते म्हणायचे, "आमच्याकडे मोटारसायकल जाते, कपाट जातं, एकदा तर म्हैस गेली. आणि तुम्ही एवढीशी स्कूटर परत पाठवता?"

ती एवढीशी स्कूटर हाच माझ्या शेवटच्या काही वर्षांतला मोठा विषय होता. विजेवर चालणाऱ्या, घडी करून हातात धरता येणाऱ्या गाड्या निघाल्या आणि आमच्या गिर्‍हाइकांना वेडच लागलं. उभं राहून पळवायची दोन चाकांची पाटी, घडीची स्कूटर, मोटर बसवलेली बॅग, जिच्यावर बसून माणूस घरंगळत जातो. फोन यायचा, "मॅडम, आमच्याबरोबर एक छोटी गाडी आहे, चालेल ना?" विमान आपण अख्खं भाड्यानं घेतलंय, म्हणजे टेम्पो घेतल्यासारखं काहीही भरता येईल, असा लोकांचा समज असतो.

तर थोडं समजावून सांगते. छोट्या विमानात वजन किती आहे एवढं कळून भागत नाही, ते कुठे आहे हेही बघावं लागतं. शेवटच्या सीटमागे जड सामान कोंबलं की शेपटीकडे भार होतो आणि वैमानिकाला विमान सांभाळणं अवघड जातं. म्हणून मी माणसांनाही वजन विचारायचे. बायका कमी सांगायच्या, पुढारी त्याहून कमी. मी मनातल्या मनात भर घालायचे.

पण या गाड्यांचं खरं दुखणं वजनाचं नव्हतं, बॅटरीचं होतं. आपल्या मोबाइलमध्ये असते त्याच जातीची, फक्त कितीतरी मोठी. ती आपटली, चेपली किंवा तिच्या टोकांना चुकून धातू लागला तर ती आतल्या आत तापते, आणि एकदा तापायला लागली की थांबत नाही. आमच्या विमानात पुढे दोन वैमानिक आणि मागे प्रवासी, केबिन एखाद्या जीपपेक्षा थोडी मोठी. तिथे धूर झाला तर माणसानं जायचं कुठे? म्हणून बॅटरी ठरलेल्या मर्यादेतली हवी, तिच्यावर तिची क्षमता छापलेली हवी. ती गाडीतून काढायची, टोकांना चिकटपट्टी लावायची, आग सोसणाऱ्या जाड पिशवीत घालायची आणि केबिनमध्ये पायाशी ठेवायची. सामानात नाही. हे लोकांना उलटं वाटायचं. धोक्याची वस्तू माणसांजवळ कशाला ठेवायची? पण समोर असलेल्या बॅटरीतून धूर आला तर लगेच काही करता येतं. सामानात पेटली तर कळेपर्यंत वेळ गेलेली असते. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या गाडीसाठी ही मर्यादा थोडी सैल आहे. हौसेच्या गाड्यांसाठी कडक.

एक नवरदेव आठवतो. लग्न राजस्थानात, कुठल्याशा महालात. दिवे लुकलुकणाऱ्या त्या दोन चाकांच्या पाटीवर उभं राहून त्याला मांडवात शिरायचं होतं. पाटीची बॅटरी बाहेर निघत नव्हती आणि तिच्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. मी नाही म्हटलं. त्याचे मामा पुढे झाले, मग दुसरे मामा. मी त्यांना चहा दिला आणि तेवढ्यात लग्नाच्या ठिकाणी फोन लावून तिथल्या मांडववाल्याकडून तशीच पाटी भाड्यानं ठरवून दिली. माझी पद्धत अशी होती. नाही म्हणायचं, पण माणसाला नुसतं 'नाही' हातात देऊन पाठवायचं नाही. पुढे वरातीत तो त्या पाटीवरून पडला, असं आमच्या यादगिरीनं कुठूनतरी ऐकून आणलं. त्यात आमचा काही हात नव्हता.

आणि एक निवृत्त न्यायाधीश होते. मोटरच्या बॅगेवर बसून आमच्या प्रतीक्षागृहात आले, अगदी ताठ, मांडीवर टोपी ठेवून. बॅग नातवाची आहे म्हणाले, पण नातू बरोबर नव्हता. बॅटरी छोटी होती, एका खटक्यात बाहेर निघाली. मी हो म्हटलं. पिशवीत घालायला मी ती मागितली तेव्हा म्हणाले, "विमान लागायला अजून वेळ आहे ना? मग आणखी दोन फेऱ्या मारतो."

यादगिरी म्हणजे आमचा सामान चढवणाऱ्यांचा मुकादम. मूळचा नलगोंड्याकडचा, बोलायला तेलुगू आणि दख्खनीची मिसळ. कुठल्याही गाडीला तो बंडीच म्हणायचा. आणि कॅप्टन मोईन आमचे सगळ्यांत जुने वैमानिक, पक्के हैदराबादी. विमानात काय चढेल याचा शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो, पण ते मला विचारल्याशिवाय तो उच्चारत नसत. मला याचा अभिमान होता आणि अजून आहे.

आता सरोजताईंबद्दल सांगते, कारण खरं म्हणजे त्यांच्यासाठीच लिहायला बसले.

सरोजताई बिरादार भालकीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या वडिलांनी हैदराबादला येऊन बियाण्यांची कंपनी काढली आणि त्यांच्यामागे ती ताईंनी वाढवली. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय कामातून गेलेले. बियाण्यांची कंपनी म्हणजे नुसतं दुकान नव्हे. कंपनी मूळ बियाणं शेतकऱ्यांना देते, ते आपल्या शेतात त्याचं पीक घेतात आणि त्यातून पुढच्या वर्षी विकायचं बियाणं तयार होतं. ताईंचे असे शेतकरी लातूर, रायचूर, निझामाबाद असे चारी दिशांना होते, आणि हंगामात त्या प्रत्येक ठिकाणी स्वतः जायच्या. मोटारीत दिवसभर बसलं की त्यांची पाठ धरायची, म्हणून विमान.

त्यांच्याकडे तीन चाकांची घडीची विजेवरची गाडी होती. बाळाच्या बाबागाडीसारखी मिटायची. बॅटरी मर्यादेतली, हातात मावणारी. ती काढून पिशवीत घालून त्यांच्या पायाशी ठेवायची आणि गाडी मागे बांधायची, हे यादगिरीला इतकं सवयीचं झालं होतं की बोलता बोलता तो ते करून टाकायचा. विमानाची शिडी मात्र ताई स्वतः चढायच्या. शिडीकडे पाठ करून पायरीवर बसायच्या आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी वर सरकायच्या. पहिल्या वेळी यादगिरी मदतीला धावला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. त्यानंतर ताई चढत असताना तो शिडीजवळ उभा राहायचा आणि दुसरीकडे बघायचा. नवीन आलेल्या माणसांनाही त्यानं तेच शिकवलं. "अम्मा चढते वक्त उधर देखनेका."

हे असं बरीच वर्षं बिनबोभाट चाललं. मग एका ऑक्टोबरात, हरभऱ्याच्या पेरणीच्या दिवसांत, ताई सकाळीच नवी गाडी घेऊन आल्या.

जुनी मोडली होती. पुतण्यानं हौसेनं नवी आणली होती, रुंद टायरांची, दमदार, शेतातही चालेल अशी. ताई ती प्रतीक्षागृहात चालवत आल्या आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"कशी आहे, माधुरीताई?"

"छान आहे," म्हटलं आणि खाली वाकून बॅटरी बघितली. जाड वीट असावी तशी. वर क्षमता स्पष्ट छापलेली होती. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. मी पुन्हा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. आकडा काही बदलला नाही.

"ताई," मी म्हटलं, "गाडी जाईल. ही बॅटरी विमानात घेता येणार नाही."

त्यांना वाटलं मी काही कागद मागतेय. मग त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा उतरला.

"मला आज लातूरला गेलंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नाही तिथं काय झालंय."

काय झालं होतं ते त्यांनी तिथेच सांगितलं. त्या वर्षी हरभऱ्याचं मूळ बियाणं लातूरकडच्या शेतकऱ्यांना दिलं होतं आणि ते धड उगवलंच नव्हतं. शेतकरी म्हणत होते की कंपनीनं जुनं बियाणं गळ्यात मारलं. कंपनीचा अधिकारी तिथे जाऊन म्हणाला की तुम्ही खोल पेरलं. त्यावरून मोठं भांडण झालं, अधिकाऱ्याची जीप अडवली गेली. दुबार पेरायचं तर जमिनीत ओल होती तोवरच, म्हणजे थोडेच दिवस हातात. शेतकऱ्यांनी निरोप धाडला होता, ताई स्वतः येऊन सरीत बघतील तरच पुढचं बोलू, नाहीतर तुमचं बियाणं पुन्हा हातात धरणार नाही.

"तिथं साधी चाकाची खुर्ची मिळेल," मी म्हटलं. "मी आत्ता फोन करते. दोन माणसं देतील ढकलायला."

"नांगरलेल्या रानात खुर्ची ढकलून बघितलीय कधी? रुतते. मग माणसं मला उचलतात." त्यांनी नव्या गाडीच्या टायरवर हात ठेवला. "विमानतळावर खुर्ची चालते मला. इथं कुणाला माझ्याशी भांडायचं नसतं. पण शेतात मला उचलून नेलं ना, की माणसं भांडायची थांबतात. दया करायला लागतात. मला आज त्यांचं भांडण ऐकायचंय."



तेवढ्यात आमच्या मालकांचा फोन आला. प्रसाद सर तसे सज्जन माणूस, पण जुनं गिर्‍हाईक नाराज होतंय हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "मॅडम, त्या काही खेळायला नेत नाहीत," ते म्हणाले. "पाऊण तासाचं तर उड्डाण. थोडं अ‍ॅडजस्ट करा."

मी म्हटलं, "सर, मी करीन अ‍ॅडजस्ट. बॅटरी करेल का, ते मला सांगता येत नाही."

 मग ते म्हणाले, "ठीक आहे. पण त्यांना पोचवा."

कॅप्टन मोईन विमानाजवळ उभे होते. त्यांना सगळं सांगितलं. सरोजताईंवर त्यांचा जीव होता, त्यांच्या हातच्या ज्वारीच्या वड्या ते घरी न्यायचे. त्यांनी प्रतीक्षागृहाकडे एकदा बघितलं. "मॅडम, तुम नक्को बोले तो नक्को," ते म्हणाले. "पण काही करा. अम्मा आज गेल्या नाहीत तर मला बरं वाटणार नाही."

मी तिथेच उन्हात उभी राहिले. नाही म्हणून झालं होतं, पुढचं सुचत नव्हतं. यादगिरी नवी गाडी घडी करून बघत होता. बॅटरी त्यानं काढून बाजूला ठेवली होती आणि एका हातानं सांगाडा उचलून तो म्हणाला, "बंडी तो हलकी है मॅडम. वजन सब इसमेंच है."

म्हणजे गाडीला काही हरकत नव्हती. हरकत होती ती त्या विटेला. आणि वीट रस्त्यानं जाऊ शकत होती. ताईंची मोटार बाहेर उभी होती, ड्रायव्हर नरसिंग त्यांच्याकडे कित्येक वर्षांचा, लातूरचा रस्ता पाठ असलेला. जहिराबाद, बिदर, उदगीर करत तो दुपार उलटेपर्यंत पोचला असता. विमान तेवढं उशिरा सोडायचं. दोघं बरोबरच पोचतील.

मी ताईंना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"म्हणजे मी इथं अर्धा दिवस बसायचं. आणि तिकडं ती माणसं सकाळपासून जमलीत."

"त्यांना दुपारनंतर या म्हणून सांगा."

"ते म्हणतील ताईनं टाळलं."

"तुम्ही स्वतः फोन करा," मी म्हटलं. "आणि मी तुमच्याबरोबर येते. एक सीट रिकामी आहे. बॅटरी पोचली नाही तर तुमच्या शेतकऱ्यांपुढे मी उभी राहीन आणि सांगेन की हे माझ्यामुळे झालं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग फोन काढला. पलीकडून आवाज चढलेला होता, तो मलाही ऐकू येत होता. ताई फक्त म्हणाल्या, "माणिकराव, येते म्हटलं ना. उन्हं कलायच्या आत येते. घरी जा, जेवा."

मी बॅटरीच्या टोकांना स्वतः पट्टी लावली, पिशवीत घातली, मोटारीच्या मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधली. नरसिंगला सांगितलं, गाडी उन्हात उभी करायची नाही, बॅटरीवर काही ठेवायचं नाही, आणि घाई करायची नाही. शेवटची सूचना देताना मी स्वतःच घड्याळाकडे बघत होते.

तो अर्धा दिवस ताई आणि मी प्रतीक्षागृहात बसून काढला. मी घरून आणलेला डबा आम्ही वाटून खाल्ला. त्यांनी सांगितलं की लहानपणी वडील त्यांना खांद्यावर घेऊन शेतात फिरवायचे आणि सरीच्या टोकाला उतरवून म्हणायचे, आता तुझी तू जा. मग त्या हातांवर सरकत सरीतून पलीकडच्या बांधापर्यंत जायच्या. मातीचा वास, ओल, बी किती खोल पडलंय हे सगळं त्यांना तिथेच कळायला लागलं. "पाय असते तर इतकं कळलं नसतं," त्या म्हणाल्या. मी लोणचं पुढे केलं.

दुपारी आम्ही उडालो. मागे बॅटरीविना गाडी, पुढे आम्ही दोघी. लातूरला उतरलो तर मोटारीचा पत्ता नव्हता.

मी नरसिंगला फोन लावला. उदगीरच्या अलीकडे रस्त्याचं काम निघालं होतं आणि तो लांबलचक रांगेत अडकला होता. "घाई नै करता मॅडम, तुमीच बोले थे," तो म्हणाला. मला हसू आलं नाही.

आम्ही धावपट्टीलगतच्या छोट्या इमारतीच्या सावलीत बसलो. थोड्या वेळानं कॅप्टन मोईन आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "उजेड आहे तोवर निघायचंय मॅडम. सूर्य बुडाला तर आजची रात्र इथेच." मी मान हलवली. दोष कुणाचाही निघो, ताईंना दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादेत ताज्या बियाण्याचे ट्रक भरून घ्यायचे होते. ते राहिलं असतं तर दुबार पेरणी हुकली असती.

मग मोटारसायकलवरून दोघं आले. पुढे बसलेले माणिकराव, फोनवर ज्यांचा आवाज चढला होता तेच, साठीचे, पागोटं बांधलेले. मागे त्यांचा भाऊ. ताई बाकावर बसलेल्या पाहून माणिकरावांचा आवाज लगेच खाली आला.

"ताई, पोरं जीप घेऊन आलीत फाटकाशी. आमी उचलून नेतो तुमाला. रानात खाट टाकलीय."

ताई म्हणाल्या, "खाट काढा तिथली. आणि तुम्ही सकाळी फोनवर जसं बोलत होतात तसंच माझ्याशी शेतात बोला. इथं मऊ होऊ नका."

माणिकराव गोंधळले. "मंग येणार कशा?"

"माझी गाडी येतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कबूल केल्याप्रमाणे उभी राहिले. "यांच्या गाडीची बॅटरी मी विमानात घेऊ दिली नाही," मी म्हटलं. "ती रस्त्यानं येतेय. उशीर माझ्यामुळे झालाय, ताईंमुळे नाही."

"का नाय घेऊ दिली?"

"पेटण्याची भीती असते. हवेत पेटली तर उतरायला बांध नसतो."

 शेतकरी माणसाला आगीची भीती समजावून सांगावी लागत नाही, कडब्याची गंज जळालेली त्यानं पाहिलेली असते. "बरं केलं," माणिकराव म्हणाले आणि खाली बसून त्यांनी पानाचा डबा काढला.

मोटार आली तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. नरसिंगचं तोंड धुळीनं माखलेलं, पण मागच्या सीटवरची पिशवी मी बांधली होती तशीच होती. मी हात लावून पाहिलं, बॅटरी थंड होती. बसवली. ताईंनी चावी फिरवली आणि गाडीचा तो बारीक गुरगुरणारा आवाज ऐकून मला जे वाटलं ते मला कुठलंही विमान उडताना कधी वाटलं नाही.

शेत जवळच होतं. गाडी आणि ताई दोघांनाही मोटारीतून बांधापर्यंत नेलं, तिथून पुढे ताई एकट्या. काळी जमीन, वर सुकून ढेकळं झालेली, खाली ओल. रुंद टायर ढेकळं फोडत गेले, एकदा गाडी तिरकी झाली, पण रुतली नाही. सरीच्या दोन्ही बाजूंना शेतकरी उभे होते, बायकाही होत्या. कुणी हात पुढे केला नाही. मग त्यांनी भांडायला सुरुवात केली.

मी इतकं मनापासून झालेलं भांडण कधी ऐकलेलं नाही. तुमचे साहेब आमाला पेरणी शिकवतेत का? आमच्या बापानं काय केलं मंग? एक बाई तर ताईंच्या गाडीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या लेकानं हात जोडले साहेबाला, त्यांनी मोटारीची काच वर केली." ताई एकेकाचं ऐकत होत्या. कुणाला थांबवलं नाही.

मग त्या गाडीतून खाली सरकल्या आणि सरीत मातीवर बसल्या. हातानं माती उकरली, बी शोधलं, बोटं लावून खोली मोजली. दुसऱ्या जागी सरकल्या, तिथेही उकरलं. तिसऱ्या सरीतही. मिळालेले दाणे तळहातावर घेऊन दाबले, फोडले, वास घेतला. सगळे वाकून बघत होते.

"पेरणी बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "खोल नाही. बियाणं आमचं खराब होतं."

शेतकरी एकमेकांकडे बघायला लागले. कंपनीचा माणूस, तोही मालक, असं म्हणेल अशी त्यांची तयारी नसावी.

"उद्या ताजं बियाणं निघेल. परवा तुमच्या दारात. उगवण मी स्वतः तपासून पाठवते. आणि काच वर करणारा माणूस पुन्हा इकडं येणार नाही." त्या बाईकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलाला सांगा, मी आले होते."

ती बाई त्यांच्या शेजारी सरीतच बसली. थोड्या वेळानं तिनं पदरानं ताईंच्या हातावरची माती पुसायला घेतली, तेव्हा ताईंनी हात मागे घेतला नाही.

आम्ही उजेड असतानाच निघालो, जेमतेम. बॅटरी पुन्हा नरसिंगबरोबर रस्त्यानं. विमानात ताई खिडकीशी डोकं टेकून झोपल्या, नखांत काळी माती तशीच. बेगमपेठला उतरल्यावर यादगिरी विमानतळाची खुर्ची घेऊन उभा होता. त्यांनी काही न बोलता ती घेतली. न्यायला आलेल्या पुतण्याच्या मोटारीपर्यंत गेल्यावर मला म्हणाल्या, "सकाळी मला तुमचा फार राग आला होता."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"उद्याही येईल कदाचित. पण तुम्ही सांगाल तेच करीन."

माझ्या कामाला अशी पावती पुन्हा मिळाली नाही. आमच्या कामात यश म्हणजे काहीच न घडणं. बॅटरी पेटली नाही, विमान डगमगलं नाही, माणूस पोचलं. न घडलेल्या गोष्टीबद्दल कोण कुणाचं कौतुक करणार? वाईट एवढंच वाटतं की माझ्या मुलाला हे सगळं नीट सांगता आलं नाही. तो परदेशात असतो, मराठी बोलतो, पण वाचताना अडखळतो. हे ज्या अंकात छापून येईल तो त्याला पाठवीन. वाचेल तेवढं वाचेल.

सरोजताईंचं पुढे असं झालं की दरवेळी बॅटरी रस्त्यानं पाठवायची गरजच उरली नाही. त्या हंगामानंतर माणिकरावांचाच निरोप आला. एक जादा बॅटरी इकडेच ठेवा, आमच्या शेडमध्ये जागा आहे, सावली आहे. यंत्राची नीट काळजी घेऊ, कसं ठेवायचं ते त्या विमानाच्या बाईंना सांगायला सांगा. मी फोनवर सगळं समजावलं. भूसुरुंगासारखी पुरून तर ठेवणार नाही ना, असं मी गमतीनं विचारलं, तर माणिकराव म्हणाले, "तान्ह्या वासरावानी जपतो." मग रायचूरकरांनी ऐकलं, त्यांनीही एक मागून घेतली. निझामाबादचे सगळ्यात शेवटी.

निवृत्तीच्या आधी मी सरोजताईंचं एक शेवटचं उड्डाण करून दिलं, लातूरचंच. यादगिरीनं घडी केलेली गाडी मागे बांधली. शिडीवर ताई हातांच्या जोरावर वर सरकत होत्या आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत होतो. दार लागलं, कॅप्टन मोईननी काचेतून अंगठा दाखवला आणि अर्धीच गाडी घेऊन विमान उडालं. उरलेली अर्धी तिकडे, शिवारातल्या शेडमध्ये, माणिकरावांच्या सुनेनं आदल्या संध्याकाळीच चार्जिंगला लावून ठेवली होती.